रिफ्लेक्सॉलॉजीत गरम दगड: किती तापवायचे, कुठले घ्यायचे आणि कोणाला द्यायचेच नाहीत?

पाऊलखुणा

पायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीत (पावलावरच्या ठरावीक बिंदूंवर दाब देण्याच्या पद्धतीत) गरम दगड वापरायला सुरुवात करायची आहे. खोली एक, एका वेळी एकच ग्राहक, सत्र ४५ मिनिटांचं. दगड तापवायचा सहा लिटरचा हीटर घेतला आहे, पण त्याच्या बटणावर आकडे नाहीत, नुसतं लो-मीडियम-हाय. खालच्या गोष्टी नेमक्या हव्या आहेत:

१. पाणी किती अंशांवर ठेवायचं? व्हिडिओंमध्ये ४५ पासून ७० पर्यंत काहीही सांगतात.
२. तयार संच महाग पडतो. नदीतले काळे गोटे चालतील का? ठिकाण रत्नागिरीजवळ, त्यामुळे आजूबाजूला जांभाच जास्त.
३. बिंदूवर दाब दगडाने द्यायचा की अंगठ्याने?
४. बोटांच्या बेचक्यात ठेवायचे छोटे चपटे दगड उपयोगाचे असतात की फोटोपुरते?
५. येणाऱ्यांत निम्मे पन्नाशीपुढचे. शुगर असलेल्यांना दगड द्यायचे का?

कुठला बिंदू कुठल्या अवयवाचा ही चर्चा इथे नको, तक्ता भिंतीवर आहे.

अंगठेबहाद्दर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर चुकलं की बाकी सगळं चुकतं. दाब अंगठ्याने द्यायचा. दगडाचं काम ऊब देऊन पाऊल सैल करणं, तिथे ते संपतं. अंगठ्याच्या टोकाला खालचा ताठरपणा, गाठ, बारीक खरखर कळते, दगडातून यातलं काहीच कळत नाही. शिवाय दाब दिला की त्या जागेचं रक्त बाजूला सरकतं. एरवी हेच रक्त कातडीतली उष्णता वाहून नेत असतं. म्हणून दाबून धरलेला दगड नुसत्या ठेवलेल्या दगडापेक्षा लवकर भाजतो. जोरात दाब आणि गरम दगड एकाच वेळी, हे कटाक्षाने टाळा.

तापमान: पाणी ५० ते ५२ अंश. ५५ ही वरची हद्द, आणि तीही फक्त सरकत्या दगडासाठी. ७० सांगणाऱ्याने थर्मामीटर कधी बुडवून पाहिलेला नसावा.

कारण साधं आहे. गरम दगड कातडीला टेकला की स्पर्शाच्या जागेचं तापमान दोघांच्या मधे कुठेतरी येतं. बेसाल्टचा, म्हणजे नेहमीच्या काळ्या दगडाचा, आणि कातडीचा औष्णिक गुणधर्म धरून ढोबळ हिशोब केला तर ३३ अंशांच्या कातडीवर ५० चा दगड टेकल्यावर पहिल्या क्षणी सुमारे ४४, ५५ चा दगड सुमारे ४७, आणि ७० चा सुमारे ५६ भरतो. आता याच्या शेजारी मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांचं १९४७ चं भाजण्यावरचं काम ठेवा: कातडी ४४ अंशांवर राहिली तर इजा व्हायला सहाएक तास लागतात, ४९ वर काही मिनिटं पुरतात, ६० वर पाचएक सेकंद. म्हणजे ५० च्या दगडात चूक सुधारायला वेळ मिळतो. ७० च्या दगडात ग्राहक ‘आई गं’ म्हणेपर्यंत काम झालेलं असतं.

त्यात तळपाय फसवा. तिथली कातडी जाड, त्यामुळे ऊब उशिरा कळते आणि लोक ‘अजून गरम चालेल’ म्हणतात. त्याच दगडाला पावलाची वरची बाजू, घोट्याच्या आतली बाजू किंवा बोटांची बेचकी लागली की चटका बसतो. ग्राहकाच्या ‘चालेल’वर तापमान वाढवू नका. आपल्या तळहातावरही विसंबू नका, रोज गरम दगड हाताळून तो सरावतो. प्रत्येक दगड मनगटाच्या आतल्या बाजूला तीन सेकंद धरून मगच पावलाकडे न्या.

हीटरचं बटण असं बसवा. हीटरमध्ये दगड ठेवा, दगडांच्या वर तीन-चार सेंटिमीटर राहील इतकं पाणी घाला, झाकण लावून ४५ मिनिटं थांबा. स्वयंपाकात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या, पाणी ढवळा आणि मध्यावर मोजा. बटण थोडं थोडं फिरवत ५१ कुठे येतं ते पाहा आणि तिथे पर्मनंट मार्करने रेघ मारा. मोजमाप हीटरचा दिवा नुकताच विझलेला असताना घ्या. स्वस्त थर्मोस्टॅट चार-पाच अंशांचे हेलकावे खातो, आणि आपल्याला त्यातलं सर्वात वरचं टोक माहीत हवं. तळाशी जाळी नसेल तर दुहेरी घडीचा सुती नॅपकिन अंथरा. पत्र्याला चिकटून बसलेला दगड पाण्यापेक्षा जास्त तापतो, आणि नेमका तोच हाताला लागतो. पाणी आटू द्यायचं नाही. हीटर कोरडा चालला तर नॅपकिन करपेल आणि दगड किती तापलेत याचा अंदाजच राहणार नाही.

दगड काढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा झारा वापरा. हात घालायचाच असेल तर आधी प्लग काढा. पत्र्याची टाकी, पाणी आणि वीज एकत्र आहेत, त्यामुळे तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मेन स्विचपाशी आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हीटर सुरूच करू नका.

दगड किती आणि कुठले: टाचेखाली आणि तळव्याखाली ठेवायला ८ बाय ६ सेंटिमीटरचे दोन, साधारण १८० ग्रॅमचे. हातात धरून फिरवायला ६ सेंटिमीटर लांबीचे आठ, ८० ग्रॅमच्या आसपास. फिरवायचा दगड दोन-तीन मिनिटांत निवतो, म्हणून आठ. चार पावलावर जातात तेव्हा चार तापत असतात. निवलेला परत टाकलात तर तो किमान दहा मिनिटं पाण्यात राहू द्या. सगळे एकदम परत टाकले की पाण्याचंही तापमान पडतं.

आता सत्र.

पहिली पाच मिनिटं पाऊल बघण्यात जातात: भेगा, फोड, बुरशी, सूज, रंग. यात घाई नको. मग कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मधूनसुद्धा कोरडं करायचं. पुढची पाच मिनिटं दगडाशिवाय: घोटा फिरवणं, पाऊल दोन्ही तळव्यांत धरून आलटून पालटून हलवणं. मग एका पावलाला अर्धा चहाचा चमचा, म्हणजे दोन-तीन मिलीलिटर तेल. यापेक्षा जास्त घेतलंत तर पुढे अंगठा घसरतो.

दगड पुसून कोरडा केलेला हवा. पहिला स्पर्श आपल्या हाताच्या पाठीचा, मग हात काढून दगड. थेट दगड टेकवला तर पाय आखडतो. टाचेकडून बोटांकडे लांब, सलग हात फिरवायचे. पहिले पाचसहा हात जलद, दगड निवत जाईल तसा वेग कमी. एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आतल्या कडेने, म्हणजे तक्त्यातल्या पाठीच्या कण्याच्या रेघेने, दगडाची बोथट कड फिरवता येते. ऊब आली की दगड खाली ठेवून अंगठ्याचं काम, आठ-दहा मिनिटं. दुसरं पाऊल तोवर टॉवेलात गुंडाळून, टॉवेलाच्या बाहेरून तळव्याला मोठा दगड टेकवून. मग अदलाबदल.

शेवटी तेल पूर्ण पुसा. फरशीवर तेलकट पाय म्हणजे घसरून पडणं, आणि साठीच्या माणसाला ते भाजण्याइतकंच महागात पडतं.

खडकवाचक

दगडांबद्दल लिहितो.

जांभा विसरा. तो सच्छिद्र, पाणी पिणारा, झिजून लाल पूड सोडणारा. पण रत्नागिरीत काळा दगड शोधायला लांब जावं लागणार नाही. जांभ्याच्या थराखाली बेसाल्टच आहे, आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांच्या वरच्या अंगाला बेसाल्टचे गुळगुळीत गोटे मिळतात. घाटावर तर विचारायलाच नको, पाटा-वरवंट्यापासून देवळापर्यंत सगळं त्याच दगडाचं.

फक्त दख्खनचा सगळा काळा दगड सारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी या खनिजांनी भरल्या. काळ्या दगडात पांढरे, हिरवट, गुलाबीसर ठिपके दिसतात ते हेच. झिओलाइटच्या स्फटिकात पाणी असतं आणि तापवल्यावर ते बाहेर पडतं. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी हे पाहूनच ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं ग्रीक नाव त्याला दिलं. ५० अंशांच्या पाण्यात यातून स्फोट वगैरे होणार नाही. पण ठिपका आणि दगड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, रोज तापून-निवून ठिपका सुटतो, खळगा पडतो, त्याची कड धारदार होते. त्या खळग्यात तेल आणि मृत कातडी साठते ती वेगळीच. म्हणून ठिपक्यांचा दगड दिसायला कितीही सुंदर असला तरी नको.

निवड करताना:

आधी दोन गोटे एकमेकांवर हलके आपटा. ‘टण्’ असा खणखणीत आवाज हवा. ‘थप्’ आला तर आत चीर किंवा पोकळी आहे.

मग पाणी पिण्याची चाचणी. गोटा दोन दिवस उन्हात वाळवून स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमच्या गोट्याचं वजन २ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर बाद.

घनता बघायची असेल तर मापाच्या भांड्यात बुडवून पाणी किती मिलीलिटर वर चढलं ते पाहा आणि वजनाला त्याने भागा. घट्ट बेसाल्टचं उत्तर २.८ ते ३.० येतं. २.६ च्या आसपास आलं तर गारगोटीच्या जातीचा दगड असेल. गारगोटी ऊब फार वेगाने सोडते, त्यामुळे त्याच तापमानाची गारगोटी बेसाल्टपेक्षा जास्त चटका देते. दोन्ही जातीचे दगड एका संचात मिसळू नका. हाताचा अंदाज चुकतो.

बारीक कण असलेल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं. दोऱ्याला टांगलेलं चांगलं लोहचुंबक गोट्याजवळ नेलं की किंचित ओढलं जातं. ही पक्की कसोटी नव्हे, पण रंगवलेले दगड पकडायला कामी येते. त्यासाठी अजून सोपं म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापूस बुडवून चोळणं. बागेसाठी आणि मत्स्यटाकीसाठी विकतात ते काळे चकचकीत गोटे बरेचदा रंगवून मेण किंवा रेझिन चढवलेले असतात. कापूस काळा झाला तर तो दगड कुंडीत टाका.

एक गैरसमज सगळ्या जाहिरातींत असतो: बेसाल्टमध्ये लोह असल्यामुळे तो ‘उष्णता धरून ठेवतो’. वजनी हिशोबाने बेसाल्टची उष्णता धारण करण्याची क्षमता संगमरवराइतकीच आहे, पाण्याच्या तर पाचव्या हिश्शाइतकी. बेसाल्ट सोयीचा ठरतो तो घट्ट, जड, गुळगुळीत आणि तापून-निवून न तडकणारा म्हणून.

शेवटची परीक्षा: गार पाण्यात ठेवून मंद आचेवर उकळी आणा, तासभर उकळू द्या, पाण्यातच निवू द्या. जे तडकायचे ते इथेच तडकतील. गार दगड उकळत्या पाण्यात किंवा गरम दगड गार पाण्यात टाकू नका. उरलेल्यांना पाण्याखाली १२०, २२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) क्रमाने लावा. कड बोटाला कुठेही अडकता कामा नये.

पाऊलखुणा

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. घाईच्या दिवशी दगड मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर तापवले तर? आणि चौथ्या प्रश्नाचं, बोटांमधल्या दगडांचं, राहिलंच.

अंगठेबहाद्दर

तवा, गॅस, मायक्रोवेव्ह, कुकर, चारही नाही. पाणी उघडं असलं आणि दगड पत्र्याला चिकटलेला नसला की तो पाण्याहून जास्त तापत नाही, सगळी सुरक्षितता त्यावर उभी आहे. तव्यावरच्या दगडाची एक बाजू ९० ला आणि दुसरी ४० ला असू शकते. मायक्रोवेव्हमध्ये दगडातला ओलावा आतून तापतो, वाफ अडकली तर दगड फुटतो. आणि पृष्ठभाग कोमट लागत असताना आतून निखारा असलेला दगड तर सर्वात वाईट, कारण मनगटावरची तीन सेकंदांची चाचणी तो पास होतो.

लाइट जाण्याची भीती असेल तर पोळ्यांचा चांगला कॅसरोल घ्या. ५२ अंशांचं पाणी आणि चार-पाच गोटे त्यात घालून ठेवले की उरलेलं सत्र निभावतं. थर्मामीटर मात्र तिथेही बुडवायचा.

बोटांमधले दगड: ३ बाय २ सेंटिमीटरचा, एक सेंटिमीटर जाडीचा दगड जेमतेम ९-१० ग्रॅमचा. ८० ग्रॅमच्या गोट्यात जी ऊब मावते तिचा आठवा-नववा हिस्सा यात. मिनिटभरात संपतो. म्हणून लोक काय करतात, तो जास्त तापवतात. आणि ठेवतात कुठे, तर सर्वात पातळ कातडीवर, तेही न हलवता. चटक्यांच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. ठेवायचेच असतील तर बोटांमधून आधी पातळ सुती कापडाची पट्टी ओवा, दगड ४५ च्या आसपासचे, आणि आपण दुसऱ्या पावलावर काम करत असलो तरी एक नजर तिकडे. खरं सांगायचं तर बोटांना ऊब द्यायचा चांगला मार्ग म्हणजे ८० ग्रॅमचा गोटा मुठीत धरून बोटांच्या खालच्या बाजूने फिरवणं. ग्राहकाला छोटे दगड दिसायला छान वाटतात, एवढंच.

फिजिओ_वऱ्हाड

पाचव्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिते, कारण या धाग्यात खरा धोका तोच आहे.

मधुमेही पावलाला बधिरपणा आलेला असेल तर गरम दगड अजिबात नाही. कमी गरमही नाही, टॉवेलावरूनही नाही. या सगळ्या पद्धतीत शेवटची राखण ग्राहकाच्या ‘जास्त गरम लागतंय’ या वाक्यावर असते, आणि बधिर पाऊल ते वाक्य कधीच बोलत नाही. फोड दुसऱ्या दिवशी मोज्याला चिकटलेला दिसतो, तिथून जखम, जंतुसंसर्ग आणि पुढचं सगळं.

‘मला शुगर नाही’ यावर थांबू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. अनेकांना निदान होण्याआधीच पावलांना मुंग्या असतात. बधिरपणा ब १२ च्या कमतरतेने, दारूने, केमोथेरपीने, कंबरेतली नस दबल्यानेही येतो. विदर्भातल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचाही विचार मनात हवा. संवेदना गेलेला फिकट चट्टा दिसला तर दगड बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात पाठवा, उपचार मोफत आहेत.

तपासणी दोन मिनिटांची आहे. इप्सविच टच टेस्ट म्हणून ओळखतात, साधन लागत नाही. ग्राहकाने डोळे मिटायचे, आपण दोन्ही पावलांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एकेक करून तर्जनीने अगदी हलका स्पर्श करायचा, सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, पुन्हा करून बघायचं नाही. कळलं की त्याने डावा-उजवा सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी आहे असं धरतात. माझ्या मते दगडांच्या कामासाठी एक जागा चुकली तरी नाहीच म्हणावं. अधिक काटेकोरपणा हवा असेल तर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, मिळतो. तो वाकेपर्यंत टेकवायचा, घट्ट्यावर नाही, शेजारच्या कातडीवर.

बधिरपणा नसला तरी रक्तपुरवठा बघा. पाऊल गार, कातडी चकचकीत आणि केसविरहित, नखं जाड, थोडं चाललं की पोटरी दुखते, पावलाच्या वरच्या बाजूची नाडी लागत नाही: अशा पायाला ऊब देणं म्हणजे पेशींची मागणी वाढवणं आणि पुरवठा मात्र तेवढाच. लोकांना उलट वाटतं, ‘पाय गार आहेत, म्हणून तर शेक हवा’. हा समज ठामपणे मोडायला हवा.

एकाच पायाची पोटरी सुजलेली, दुखरी, गरम असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. मालीश नाही, दगड नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ताज्या मुरगळ्याला पहिले ४८ ते ७२ तास शेक नको. यूरिक ॲसिडने अंगठा लाल होऊन ठणकत असेल तेव्हा नको. ताप, उघडी जखम, ओली बुरशी, फुगलेल्या निळ्या शिरांवर नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब नको. गरोदरपणात दगड टाळणंच शहाणपणाचं.

चटका बसलाच तर: नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही. फोड फोडायचा नाही, स्वच्छ कोरडं कापड सैल गुंडाळायचं. मधुमेही असेल तर फोड लहान असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आणि धागाकर्त्यांनी तक्त्याची चर्चा नको म्हटलंय, तरी एक वाक्य लिहितेच. पावलावरच्या अमुक बिंदूमुळे तमुक अवयवाचा आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. ऊब आणि मालीश यांनी स्नायू सैल होतात, बरं वाटतं, झोप लागते, आणि पैसे देणाऱ्याला तेवढंच सांगावं. शुगरच्या गोळ्या बंद करायचा सल्ला तर कुणीही, कधीही देऊ नये.

पाऊलखुणा

म्हणजे शुगरवाले सरसकट बाद की फक्त बधिरपणा असलेले?

फिजिओ_वऱ्हाड

सहाही जागा कळतात, नाड्या लागतात, जखम-भेगा नाहीत, आधी कधी पायाला व्रण झालेला नाही, हे सगळं असेल तर ४५ अंशांपर्यंतचा, सतत सरकता दगड चालू शकतो. खाली ठेवलेला, बांधलेला किंवा टॉवेलात गुंडाळलेला नाही. आणि तपासणी दर वेळी, महिन्यापूर्वीची चालत नाही. एवढा व्याप नको असेल तर त्यांना दगडांशिवायचं सत्र द्या.

काशाची_वाटी

दगडांशिवायचं म्हणजे रुक्ष असायचं कारण नाही. काशाच्या वाटीने तळपाय चोळणं आपल्याकडे घरोघर चालत आलंय. वाटी खोलीच्या तापमानाची, बुड गुळगुळीत, एका पावलाला अर्धा चमचा साजूक तूप किंवा खोबरेल, दहा मिनिटं. शेक नसल्यामुळे भाजायचा प्रश्न नाही. भेगा असतील तर मात्र वाटीही नको, कड अडकते.

तूप काळं पडतं ते ‘शरीरातली उष्णता’ किंवा ‘विषद्रव्यं’ नव्हेत. काशात तांबं आणि कथील असतं, घर्षणाने धातूचे सूक्ष्म कण सुटतात आणि तुपातल्या आम्लांशी त्यांची क्रिया होते. ग्राहकाला काळा बोळा दाखवून थक्क करणं बंद व्हायला हवं.

तेलांबद्दल एक भर. दगडांसोबत तीळतेल किंवा खोबरेल पुरेसं. सुगंधी तेल घालायचं असेल तर ३० मिलीलिटरमध्ये सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. दालचिनी आणि लवंगेची तेलं गरम दगडाखाली नकोत. ती मुळातच कातडीला झोंबतात आणि उबेने आणखी मुरतात. मग लाल झालेली जागा चटक्याची की तेलाची हेच कळत नाही.

जाता जाता: गरम दगडांच्या मसाजचं आजचं रूप १९९३ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला मेरी नेल्सन यांनी रूढ केलं. पण दगड तापवून शेक घेणं आपल्याला नवं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौदाव्या अध्यायात स्वेदाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, तेरा प्रकार आहेत, त्यात अश्मघन स्वेद आहे. माणूस आडवा होईल एवढी शिळा लाकडांनी तापवायची, निखारे काढून टाकायचे, वर गरम पाणी शिंपडायचं, कापड अंथरायचं आणि मगच झोपायचं. पाणी शिंपडणं आणि कापड अंथरणं, दोन्ही पायऱ्या चटका टाळणाऱ्याच आहेत.

खडकवाचक

गार दगडांचं कुणी विचारलं नाही, पण संचासोबत पांढरे संगमरवरी येतात म्हणून लिहितो. ते बर्फात नाही, गार पाण्यात ठेवायचे, १५-१८ अंश पुरेत. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की खरबरीत होतो. बोअरच्या पाण्याने हीटरच्या तळाला पांढरा थर धरतो, तो काढायला व्हिनेगर चालतं, पण त्याआधी संगमरवर बाहेर. विक्रेत्याचा पांढरा दगड खरा संगमरवर आहे का हेही यातच कळतं. लिंबाचा थेंब फसफसला तर बहुधा आहे.

स्वच्छ_टॉवेल

सफाईवर कुणीच लिहिलेलं नाही, आणि चटक्यांनंतरच्या बहुतेक तक्रारी तिथल्याच: बुरशी एका पायाची दुसऱ्याला.

प्रत्येक ग्राहकानंतर दगड गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने घासा. तेलाचा थर राहिला तर वरून लावलेलं जंतुनाशक दगडापर्यंत पोचतच नाही. मग कोरडे करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि ते आपोआप उडू द्या. हीटर आणि चालू प्लगपासून लांब, वाफा पेट घेतात. मिठात पुरणं, उन्हात किंवा चांदण्यात ठेवणं याने दगड निर्जंतुक होत नाहीत.

हीटरचं पाणी दर ग्राहकामागे बदला. वर तेलाचा तवंग दिसला म्हणजे आधीचे दगड नीट धुतले गेले नव्हते. रात्री पाणी ओतून टाकी पुसून झाकण उघडं ठेवा. कोमट साचलेलं पाणी, २५ ते ४५ अंशांचं, जंतूंना सर्वात आवडतं. ‘सकाळी लवकर तापेल’ म्हणून रात्रभर ‘लो’वर ठेवणारे बरेच आहेत.

तळाचा नॅपकिनसुद्धा रोज धुवायचा. तो विसरला जातो.

वासावरून कळतं: तापलेल्या दगडाला खवट वास आला तर तेल आत मुरलंय. साबण घातलेल्या पाण्यात अर्धा तास मंद उकळा, निवू द्या, पुन्हा हुंगा. वास तसाच असेल तर दगड पाणी पिणारा आहे, खडकवाचकांच्या वजनाच्या चाचणीत तो आधीच बाद व्हायला हवा होता.

पाऊलखुणा

थर्मामीटर बुडवून पाहिला. ‘मीडियम’वर ५९ दाखवतोय, ‘लो’च्या किंचित पुढे ५१. रेघ मारली. बोटांमधले दगड मागवत नाही.

अंगठेबहाद्दर

आठवडाभराने पुन्हा मोजा, आणि उन्हाळ्यात एकदा. खोलीचं तापमान बदललं की रेघही थोडी सरकते.